यॉर्कशरचं बोलीतलं इंग्रजी: नव्याने येणाऱ्या मराठी माणसासाठी

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत साडेसात बँड घेऊन उत्तर इंग्लंडमधल्या लीड्सला उतरलेली मंडळी पहिल्याच आठवड्यात बसस्टॉपवर गारद होतात. शेजारी उभ्या असलेल्या आजीबाई हवेबद्दल दोन वाक्यं बोलतात, आणि इतकी वर्षं इंग्रजी शिकून त्यातलं काहीच कसं कळलं नाही, हे कोडं घेऊन माणूस बसमध्ये चढतो. इंग्रजी कच्चं असण्याशी याचा फारसा संबंध नाही. पुस्तकावरून मराठी शिकलेला कुणी परदेशी कोल्हापूरच्या स्टँडवर उतरला आणि त्याला कुणी 'काय करालायस?' म्हणून विचारलं, तर त्याचंही हेच होईल. त्याने बिचाऱ्याने 'तू काय करत आहेस' पाठ केलेलं असतं, आणि तसं तर पुण्यातही कुणी बोलत नाही.

हा लेख वेस्ट यॉर्कशरमध्ये, म्हणजे लीड्स, ब्रॅडफर्ड, वेकफील्ड, हडर्सफील्ड या पट्ट्यात शिकायला किंवा नोकरीला येणाऱ्यांसाठी आहे. हॉस्पिटलात नर्स म्हणून येणाऱ्यांना याची गरज सगळ्यात जास्त, कारण वॉर्डातले ऐंशीच्या घरातले पेशंट तुमच्यासाठी सावकाश बोलणार नाहीत. मँचेस्टरला जाणाऱ्यांना यातलं बरंचसं जसंच्या तसं उपयोगी पडेल. लंडन किंवा ग्लासगोला जाणाऱ्यांनी पद्धत घ्यावी, उच्चार तिथले शोधावेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. 'इथल्यासारखं बोलता आलं पाहिजे' हे उद्दिष्ट ठेवू नका. त्यांचं बोलणं आपल्याला कळलं पाहिजे आणि आपलं त्यांना. या दोन गोष्टींचा सराव वेगवेगळा आहे. बहुतेक जण दोन्हींची सरमिसळ करतात आणि मग दोन्हीकडे अडकतात.

लेखात काही ठिकाणी ’ ही खूण दिसेल. तिथे घसा क्षणभर बंद करायचा. लहान मुलाला 'अं-अं, हात लावू नकोस' असं दटावताना दोन 'अं'च्या मध्ये जे होतं, तेच.

पायरी १: आधी स्वर ओळखा

पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा 'उ'. आपण शाळेत 'कप', 'बस', 'लव्ह', 'मनी' शिकलो. इथे त्यांचे 'कुप', 'बुस', 'लुव्ह', 'मुनी' होतात. 'पुट' आणि 'बट' यांचं चक्क यमक जुळतं. सोमवारचं इंग्रजी नाव ऐकताना तर सरळ आपलं 'मुंडे' हे आडनाव कानावर येतं. हा उच्चार बिघडलेला आहे असं समजू नका. जुना उच्चार हाच होता. सतराव्या शतकात दक्षिणेकडे 'पुट' आणि 'कट' यांचे स्वर एकमेकांपासून सुटे झाले, उत्तरेने तो बदल घेतला नाही. आजही पश्चिमेला सेव्हर्न नदीच्या मुखापासून पूर्वेला वॉशच्या आखातापर्यंत एक ढोबळ रेघ ओढली, तर तिच्या वरच्या बाजूला 'कुप' आणि खालच्या बाजूला 'कप' सापडतो.

सगळेच जण ठसठशीत 'उ' म्हणतात असं मात्र नाही. ऑफिसातली शिकलेली मंडळी बरेचदा 'उ' आणि 'अ' यांच्या मधलं काहीतरी म्हणतात, आणि ते आपल्या साध्या 'अ'च्या जवळ जातं. त्यामुळे तुम्ही 'कप' म्हणालात तर कुणालाही खटकणार नाही. बदल तोंडात नको, कानात हवा: 'उ' ऐकू आला की 'इथे आपला अ असेल का?' हा प्रश्न आपोआप पडला पाहिजे. 'वन'चं मात्र वेगळंच आहे. तो अनेकांच्या तोंडी 'वॉन' होतो, 'गॉन'च्या यमकाचा.

दुसरा आखूड 'आ'. 'बाथ', 'ग्रास', 'लास्ट', 'लाफ' हे शब्द बातम्यांमधल्या इंग्रजीत लांब 'आ'ने येतात. यॉर्कशरमध्ये तो 'आ' आखूड असतो, आणि मांजराच्या 'कॅट'मध्येही तोच स्वर असतो. आपल्या 'अॅ'इतकं तोंड पसरायचं नाही आणि 'आ'इतकं लांबवायचं नाही, असा तो मधला. पण 'फादर', 'हाफ' आणि 'कान्ट' इथेही लांबच राहतात. यातला 'कान्ट' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आनंदाची बातमी. आपल्याकडच्या कॉल सेंटरच्या ट्रेनिंगमध्ये 'गो'ला 'गोउ' आणि 'फेस'ला 'फेइस' असा शेवटी वळण देऊन म्हणायला शिकवतात. तो दक्षिणेचा थाट झाला. अस्सल यॉर्कशर माणसाचा 'ओ' आणि 'ए' आपल्यासारखाच सरळ असतो, सुरू होतो तिथेच संपतो. 'होम', 'रोड', 'नेम', 'गेम' हे शब्द आईने शिकवलेल्या मराठीतल्या स्वरांनी म्हणा, कुणी भुवई उंचावणार नाही. हे वळण घोटून घेण्यासाठी पैसे मोजले असतील तर ते वाया गेले म्हणायचे. 'मेक' आणि 'टेक' हे दोन मात्र आखडतात. त्यांचं यमक मानेला म्हणतात त्या 'नेक'शी जुळवायचं.

पूर्वेला हल शहराकडे गेलात तर हाच 'ओ' पार वेगळा होतो. तिथे 'ओ नो' हे 'अऽ नऽ' असं ऐकू येतं, आणि शहराचं नाव स्थानिकांच्या तोंडी 'उल' असतं. 'ह' गळाला, 'अ'चा 'उ' झाला, उरलं 'उल'.

पायरी २: काय गिळलं जातं ते शिका

'वॉटर' म्हणजे 'वॉ’अ', 'बटर' म्हणजे 'बु’अ', 'नॉट' म्हणजे 'नॉ’'. हा घशातला झटका आता ब्रिटनभर पसरलेला आहे, त्यात यॉर्कशरचं खास असं काही नाही. शब्दाच्या मधला किंवा शेवटचा 'ट' ऐकू येणारच नाही असं गृहीत धरूनच ऐका.

खास यॉर्कशरची गोष्ट आहे ती 'द'ची. 'द शॉप', 'द पब' यांतला 'द' इथे जवळजवळ नाहीसा होतो. कथा-कादंबऱ्यांत तो एकट्या 'टी' अक्षराने आणि वर एका स्वल्पविरामासारख्या खुणेने लिहितात, आणि म्हणून बाहेरचे लोक नक्कल करताना 'टपब', 'टशॉप' असं काहीतरी म्हणतात. तसं इथे कुणीच बोलत नाही. प्रत्यक्षात तिथे फक्त घसा बंद होतो: 'डाऊन’ पुब', 'इन’ किचिन'. मध्ये एक सूक्ष्म अडखळ, बस्स. ती अडखळ कानाने पकडायची. पकडता आली नाही तरी बिघडत नाही, पण 'द' न आल्यामुळे वाक्य मोडलेलं वाटून गोंधळू नका.

'ह' गळतो: 'अपी', 'ओम', 'ऑस्पिटल'. शेवटचा 'इंग' हा 'इन' होतो: 'गोइन', 'वर्किन'. हे दोन्ही लवकर सवयीचं होतं.

गावांची नावं मात्र एकदा बसून पाठच करावीत, कारण तिथे स्पेलिंगचा काही उपयोग नाही. स्पेलिंग वाचून 'केइघली' वाटणारं गाव 'कीथ्ली' आहे. 'स्लेथवेट' वाटणारं गाव स्थानिक 'स्लाविट' म्हणतात. ब्रॅडफर्डमधला 'ड' पुढच्या 'फ'च्या धक्क्याने 'ट' होतो आणि 'ब्रॅटफर्ड' ऐकू येतं. रेल्वेच्या फलाटावर हे माहीत नसलं तर गाडी चुकते.

पायरी ३: शब्द सुटे ऐकू नका

आपण रोजच्या बोलण्यात 'म्हणजे'चं 'मंजे', 'पाहिजे'चं 'पायजे' आणि 'येतोस का'चं 'येतोस्का' करतो. इंग्रजीही तेच करतं, फक्त जास्त बेदरकारपणे. मराठीत प्रत्येक अक्षराला थोडाफार न्याय मिळतो. इंग्रजीत वाक्यातले दोन-तीन शब्द सगळा वेळ खातात आणि बाकीचे कोपऱ्यात चेंगरून बसतात. 'डू यू वाँट अ कप ऑफ टी' या सात शब्दांपैकी ठळक ऐकू येतात ते दोन, 'कुप' आणि 'टी'. उरलेल्याचा 'जुवॉन्ना' होतो: 'जुवॉन्ना कुपा टी?'

यावर साधा व्यायाम आहे. टेबलावर बोटाने संथ ठेका धरा. ठेक्यावर फक्त ठळक शब्द येऊ द्या, मधले शब्द कितीही असले तरी पुढच्या ठेक्याच्या आत कोंबा. 'सी यू अॅट द स्टेशन अॅट टेन' यात ठेके तीनच: 'सी', 'स्टे', 'टेन'. आधी अगदी नाटकी वाटेल. तसंच वाटायला हवं. आपल्या कानाला नाटकी वाटेल इतकं केलं की त्यांच्या कानाला कुठे ते साधं वाटतं.

उत्तरेकडची एक गंमत मराठी माणसाला सोपी जाते. आखूड स्वरानंतर शब्दाच्या शेवटी 'ट' असेल आणि पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल, तर त्या 'ट'चा 'र' होतो. 'गेट ऑफ'चं 'गेरॉफ', 'शट अप'चं 'शुरुप', 'लेट हिम'चं 'ह' गळून 'लेरिम', 'पुट इट'चं 'पुरि’'. ही यादी मोठ्याने दहा वेळा म्हणून घ्या. 'पुरि’ ऑन’ टेबल' हे वाक्य अचानक कानावर आलं तरी ते जेवणातल्या पुरीबद्दल नाही, हे तेव्हा कळेल.

आता 'कॅन' आणि 'कान्ट'. पुढचं वाचताना घाई करू नका, इथे चूक झाली तर अर्थच उलटा होतो. 'कान्ट'मधला 'ट' गिळला जातो, त्यामुळे 'करू शकतो' आणि 'करू शकत नाही' यांतला फरक 'ट'वर अवलंबून राहत नाही. तो स्वरावर आणि जोरावर असतो. होकारातला 'कॅन' इतका चेपला जातो की त्याचा जेमतेम 'कन' उरतो, आणि जोर पुढच्या क्रियापदावर जातो: 'अ कन डू इ’'. नकारातला 'कान’' लांब असतो आणि त्यावर स्वतःचा जोर असतो: 'अ कान’ डू इ’'. आपण मराठी लोक होकार ठासून सांगायला 'आय कॅन डू' मधल्या 'कॅन'वर जोर देतो. समोरच्याला त्या जोरामुळे नकार ऐकू येऊ शकतो. रविवारची शिफ्ट करणार का असं विचारलं आणि तुम्ही उत्साहाने 'आय कॅन' म्हणालात, तरी यादीत तुमचं नाव नसेल. पुढे क्रियापद जोडा आणि जोर त्याच्यावर द्या, किंवा नुसतं 'येस' म्हणा.

पायरी ४: ऐकलेलं देवनागरीत लिहा

माझ्या मते सगळ्यात गुणकारी सराव हाच आहे, आणि तो आपल्याला फुकटात मिळालेला आहे. इंग्रजी ऐकून इंग्रजीत लिहायला गेलं की हात स्पेलिंगकडे ओढला जातो आणि कान बंद पडतो. देवनागरीत जे ऐकू आलं तेच लिहिता येतं.

दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा निवडा, त्याहून मोठा नको. बीबीसी रेडिओ लीड्सवर श्रोते फोन करून बोलतात ते कार्यक्रम उत्तम, कारण निवेदक जपून बोलतात, फोन करणारे नाही. फुटबॉल मॅचनंतर चाहत्यांशी केलेल्या गप्पाही चालतील. विशिष्ट शब्द ऐकायचा असेल तर यूग्लिश नावाचं संकेतस्थळ आहे. शब्द टाकून ब्रिटिश उच्चार निवडला की तो शब्द आलेले यूट्यूबवरचे तुकडे एकापाठोपाठ एक ऐकवतं. खालची अक्षरं बंद ठेवा. यंत्राने केलेली असतील तर बोलीपुढे तीही बरेचदा हात टेकतात.

तुकडा तीन-चारदा ऐका आणि लिहा. समजा कागदावर हे उतरलं:

'आम ऑफ तु’ शॉप, जुवॉन’ ओउ’?'

आता फोड करा. 'आम' म्हणजे 'मी'. 'ऑफ' म्हणजे निघालो. 'तु’' यात 'टू' आणि 'द' दोन्ही आहेत, त्यातला 'द' म्हणजे तो घशातला झटका. 'जुवॉन’' म्हणजे 'तुला हवंय का'. आणि 'ओउट' म्हणजे 'काहीही'. त्याचा जोडीदार 'नोउट', म्हणजे 'काही नाही'. कुणी त्यांचे 'आउट' आणि 'नाउट' असेही उच्चार करतात. तिसरा भाऊ 'सुमत', म्हणजे 'काहीतरी'. हे तीन शब्द यॉर्कशरमध्ये दिवसातून इतक्या वेळा कानावर पडतात की ते पहिल्या दिवशीच शिकून टाकावेत. पुरं वाक्य झालं: 'मी दुकानात चाललोय, तुला काही हवंय?'

फोड जुळली की तोच तुकडा पुन्हा लावा आणि त्याच्याबरोबर, त्याच्याच वेगाने, कागदावरची देवनागरी वाचा. फोनवर रेकॉर्ड करून दोन्ही शेजारी ठेवून ऐका. रोज एक तुकडा पुरे. जे लिहिता आलं नाही तिथे रेघ ओढून ठेवा आणि ऑफिसातल्या एखाद्या सहकाऱ्याला ऐकवा. स्वतःच्या बोलीबद्दल विचारलं की यॉर्कशरचा माणूस खुलतो, आणि पाच मिनिटांचं काम अर्ध्या तासाचं होतं.

जुन्या ध्वनिमुद्रणांच्या मोहात मात्र लगेच पडू नका. लीड्स विद्यापीठातून हॅरॉल्ड ऑर्टन यांच्या पुढाकाराने १९५० ते १९६१ या काळात इंग्लंडमधल्या ३१३ ठिकाणी बोलींची मोठी पाहणी झाली. माहिती देणारे मुख्यतः खेड्यांतले, वयस्क, शेतीवर जगलेले लोक होते. सामग्री म्हणून ते सोनं आहे, पण आजच्या लीड्समधली पंचविशीतली मुलगी तसं बोलत नाही. सहा महिन्यांनी, हौस म्हणून ऐका.

पायरी ५: आपल्या तोंडातल्या तीन दुरुस्त्या

इथून पुढे बोलण्याचं. सगळं सुधारायला जाऊ नका.

पहिली दुरुस्ती 'व'ची. 'व्हॅन'मधला आणि 'वॉटर'मधला आवाज इंग्रजी कानाला पूर्ण वेगळे आहेत, आपल्याला ते एकाच 'व'चे भाऊ वाटतात. 'वॉटर', 'वेस्ट', 'वीक' म्हणताना दात ओठाला लागता कामा नयेत. ओठांचा चंबू करा आणि आधी 'उ' म्हणा: 'उएस्ट', 'उईक'. 'व्हॅन', 'व्हिसा', 'व्हॅलीड' म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवा आणि आवाज घासू द्या, 'ह' काढू नका. मराठी लेखनात 'व' आणि 'व्ह' असा फरक आपण करतो खरा, पण 'व्हॉट्सअॅप' लिहून ठेवल्यामुळे गोंधळ झालाय. तिथे ओठांचा चंबूच हवा.

दुसरी, शब्दाच्या सुरुवातीचे 'प', 'ट', 'क'. इंग्रजीत ते हवेच्या झोतासकट येतात. आपण 'पिन' म्हणतो तेव्हा त्यांना 'बिन' ऐकू येण्याची शक्यता असते. 'फळ' हा शब्द जुनी माणसं दोन्ही ओठ मिटून म्हणतात, दात न लावता. 'पेन'च्या सुरुवातीला तसा 'फ' हवा. 'क'ला किंचित 'ख', 'ट'ला किंचित 'ठ': 'खुपा ठी'. आधी 'स' असेल तर झोत नको. 'स्टॉप', 'स्पीक', 'स्कूल' आपले आहेत तसेच बरोबर आहेत.

तिसरी, शब्दातला जोर. 'होटेल', 'डिव्हेलप', 'हॉस्पिटल' यांत जोर कुठल्या अक्षरावर आहे हे कोशात बघून पेन्सिलीने खूण करा. स्वर थोडा इकडेतिकडे झाला तर लोक समजून घेतात. जोर चुकला की अख्खा शब्दच हातातून निसटतो.

'ट' आणि 'ड' आपल्या पद्धतीने, जीभ वळवून म्हटले तर? चालतं. ब्रॅडफर्डमध्ये दक्षिण आशियाई घरांतली, इथेच जन्मलेली हजारो मुलं यॉर्कशरच्या स्वरांबरोबर तसाच 'ट' म्हणतात. तोही आता इथलाच उच्चार आहे.

पायरी ६: काय उचलावं, काय नाही

जोडून बोलणं, चेपलेले छोटे शब्द, ठेका हे सगळं बिनधास्त उचला. 'टा' हा आभाराचा शब्द उचला. बसमधून उतरताना ड्रायव्हरला 'टा' किंवा 'चिअर्स' म्हणायची इथली रीत आहे, तीही उचला.

'ऑरा’?' (म्हणजे 'ऑल राइट?') असं कुणी विचारलं तर तो प्रश्न नाही, नमस्कार आहे. उत्तरादाखल 'ऑरा’' म्हणा किंवा 'नॉ’ बॅड'. झोप झाली नाही, गुडघा दुखतोय वगैरे सांगत बसू नका. 'नाऊ देन' हाही नमस्कारच, 'आता मग' वगैरे काही नाही.

'लुव्ह' हे संबोधन दुकानदार बाई तुम्हाला लावेल, बसचा ड्रायव्हर लावेल, पुरुषाने पुरुषालाही लावलेलं ऐकाल. त्यात प्रेमबिम काही नाही. ऐका, हसा, पण नवख्याने ते स्वतः वापरू नये. साउथ यॉर्कशरच्या वयस्क माणसांच्या तोंडी 'दा' आणि 'दी' येईल, ते जुन्या इंग्रजीतलं एकेरी संबोधन आहे. आपल्या अरे-तुरेसारखं ते जवळच्यांत चालतं. अनोळखी माणसाने केलेलं अरे-तुरे आपल्याला जसं लागतं, तसं ते त्यांना लागतं. 'आय वॉज'ऐवजी 'आय वर' ऐकाल. ते इथल्या बोलीचं व्याकरण आहे, पण तुम्ही म्हणालात तर तुम्हाला व्याकरण येत नाही असं समजतील. अन्याय आहे, पण आहे तो असा. शिव्यांबद्दल सांगायला नको.

नर्स आणि डॉक्टर मंडळींसाठी थोडी शब्दसंपत्ती. 'पूर्ली' आणि 'बॅडली' म्हणजे आजारी. 'जिगर्ड' म्हणजे पार थकलेला. 'नेश' म्हणजे थंडी सहन न होणारा. 'मार्डी' म्हणजे रुसका, चिडचिडा. 'मी' म्हणजे 'माझं': 'मी मुम' ही पेशंटची आई. 'उझ' हे 'अस'चं रूप असलं तरी बोलणारा एकटाच असतो: 'गिव उझ इ’' म्हणजे 'मला दे'. 'डिनर' दुपारचं आणि 'टी' रात्रीचं जेवण, त्यामुळे 'गोळी टीनंतर घेतली' म्हणजे चहानंतर असं लिहून ठेवू नका. आणि 'नॉ’ सो बॅड' या उत्तरावर विसंबू नका. दुखणं मोठ्याने न सांगणं हा इथल्या जुन्या पिढीचा स्वभाव आहे. वेदना शून्य ते दहामध्ये किती, हे आकड्यातच विचारा.

पायरी ७: बोलायला माणसं शोधा

मराठी घरात राहून, मराठी डबा खाऊन, ऑफिसात हेडफोन लावून हे येणार नाही. सर्वात सोपी जागा क्रिकेट क्लब. यॉर्कशरमध्ये गावोगावी क्लब आहेत, आणि खेळता येत नसेल तर गुण लिहायला माणूस नेहमीच हवा असतो. गप्पांना विषय आपल्याकडे तयार आहे. या परगण्याचा संघ वर्षानुवर्षं फक्त यॉर्कशरमध्ये जन्मलेल्यांनाच घ्यायचा. तो नियम मोडून १९९२मध्ये त्यांनी पहिला परदेशी खेळाडू घेतला, तो एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर. साठीच्या पुढच्या कुणासमोरही हे नाव काढा आणि गप्प बसून ऐका. आखूड 'आ', सरळ 'ओ', गिळलेला 'द', सगळं एका बैठकीत ऐकायला मिळेल.

ज्याला क्रिकेटचं वावडं आहे त्याने वाचनालयातले गप्पांचे गट किंवा धर्मादाय दुकानातलं स्वयंसेवकाचं काम पाहावं. गल्ल्यावर उभं राहिलं की एकच संवाद दिवसभर वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो, आणि कान तयार व्हायला हेच लागतं.

न कळल्यावर 'व्हॉट?' म्हणू नका, तुटक वाटतं. नुसतं 'पार्डन?' केल्यावर ते तेच वाक्य त्याच वेगाने पुन्हा म्हणतात. त्यापेक्षा कळलेला भाग आपण म्हणायचा आणि न कळलेल्या जागी थांबायचं: 'यू वाँट मी टू टेक इट टू...?' समोरचा फक्त तेवढाच शब्द, जरा सावकाश, भरून देतो.

पायरी ८: फोन सगळ्यात शेवटी

फोनवर ओठ दिसत नाहीत, हातवारे दिसत नाहीत, म्हणून समोरासमोर नीट कळायला लागलं तरी फोनवर पंचाईत होते. ते स्वाभाविक आहे. सकाळी आठला दवाखान्याची लाइन उघडते तेव्हा पलीकडची बाई घाईत असते. नाव, जन्मतारीख आणि पिनकोड कागदावर लिहून, जोराच्या खुणा करून समोर ठेवा. आडनावाचं स्पेलिंग प्रत्येक अक्षराला एक ओळखीचा शब्द जोडून सांगा.

वेळेबाबत दोन गोष्टी पक्क्या करून घ्या. 'हाफ नाइन' म्हणजे साडेनऊ. आणि यॉर्कशरमध्ये 'वाइल' हा शब्द 'पर्यंत' या अर्थाने येतो, 'नाइन वाइल फाइव' म्हणजे नऊ ते पाच. शिफ्टची वेळ सांगताना हे हमखास येतं. ऐकलेली वेळ तुम्ही आपल्या शब्दांत, 'नाइन थर्टी, इन द मॉर्निंग, थर्सडे' अशी परत म्हणा, आणि पलीकडून 'दॅट्स रा’, लुव्ह' ऐकू आल्यावरच फोन ठेवा.